आधी मोजू, मग घाबरू

कुणाच्याही घरी गेले की हादरे सर पाणी पीत नसत, पाण्याकडे बघत बसत. समोर आलेला पेला टेबलावर ठेवायचे, चष्मा नाकावर ओढायचे आणि वाकून पेल्याच्या काठाला डोळा लावायचे. घरच्या बाईला वाटायचं, पाण्यात काहीतरी पडलंय. ती लगबगीने दुसरा पेला आणायची. सर त्याच्याकडेही तसंच बघायचे. मग एकदम तो तोंडाला लावून घटाघटा संपवायचे आणि विचारायचे, "मागच्या बाजूला कुणाचं शिवणयंत्र चालू आहे का हो?" असायचंच.

हादरे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पनवेलच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते इमारतींना बसणारे हादरे शिकवायचे, संशोधनही त्यावरच करायचे, म्हणून मुलांनी बारसं केलं. ते इतकं मुरलं की पुढे शिपाईसुद्धा त्यांची पत्रं 'हादरे सर' अशी हाक मारून द्यायचा. सरांना त्याचा राग नव्हता. "खरं आडनाव वडिलांचं, हे मी स्वतः कमावलंय," म्हणायचे.

एकदा भाच्यासाठी मुलगी बघायला उरणला गेले. तिथेही तेच. पोहे निवतायत, भाचा घामाघूम, मुलीचे वडील कानकोंडे झालेले, आणि हे पेल्यात डोकावतायत! शेवटी मान वर करून म्हणाले, "माडीवर मघापासून कुणीतरी येरझाऱ्या घालतंय. फार घाबरलंय बिचारं. त्याला आधी खाली बोलवा, बसू दे घटकाभर." माडीवर मुलगीच होती. ती खाली आली ती हसतच आली. लग्न जमलं. माझ्या संशोधनाचा एवढा एकच उपयोग आजवर सिद्ध झालाय, असं सर वर्गात सांगायचे.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची लांबोडी खोली. तिथे एक हलतं टेबल होतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं भंगार स्वतः हिंडून गोळा करून सरांनी ते उभं केलं होतं. खाली ट्रकची बेअरिंगं, वर जाड पत्रा आणि बाजूला मोटर. मोटर फिरली की टेबल पुढेमागे हलायचं. म्हणजे जमीन हलली. त्यावर आम्ही पट्ट्यांच्या छोट्या इमारती बसवायच्या आणि भूकंपात त्यांचं काय होतं ते बघायचं. गंमत अशी, की वेग वाढवत नेला की एका ठराविक वेगाला इमारत वेड्यासारखी नाचायची आणि वेग आणखी वाढवला की चक्क गप्प व्हायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मोटर बिघडली असंच वाटलं. सर म्हणाले, "झोपाळ्याला झोके दिलेस ना लहानपणी? त्याच्या तालात हात लावला तरच झोका चढतो. उगाच भराभर ढकललंस तर तो जागच्या जागी लटपटतो. प्रत्येक घराचा असा एक ताल असतो."

शेवटच्या वर्षी आमच्या गटाने तीन मजली नमुना केला. खऱ्या इमारतीची सगळी मापं दहापट लहान केलेली, एक सूत इकडचं तिकडे नाही. सरांनी टेबल सुरू केलं, वाढवलं, आणखी वाढवलं. नमुना ढिम्म! आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, आणि मग शांतपणे विचारलं, "यात माणसं कुठायत?" आमच्यातला एक जण खरंच वाकून आत बघायला लागला. "माणसं, कपाटं, धान्याच्या कोठ्या, गच्चीवरची टाकी. घर लहान केलंत आणि वजन घरीच विसरून आलात. मोकळ्या डब्याला भूकंप काय करणार?" मग आम्ही प्रत्येक मजल्यावर शिशाचे तुकडे बांधले. दुसऱ्याच मिनिटाला आमची इमारत आडवी झाली.

एक वाक्य मात्र त्यांच्या तोंडी सतत असायचं. परीक्षा असो, ताप असो, कॉलेज बंद पडणार अशी आवई असो, सर नाकातल्या नाकात म्हणायचे, "आधी मोजू, मग घाबरू." आम्ही त्यांची नक्कल करायचो. त्या वाक्याची किंमत मला कळली ती लातूरकडे भूकंप झाला त्या वर्षी.

माझे बाबा शिरढोणकडचे. गवंडीकाम करता करता मिस्त्री झाले, मग लहानसे कंत्राटदार. आम्ही राहायचो ती तीन मजली इमारत त्यांनीच बांधलेली. भूकंपाचे फोटो पेपरात येत होते आणि सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. त्यात दिवाळीनंतर आमच्या इमारतीत दुपारची भांडी वाजायला लागली. मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या, तिसऱ्या मजल्यावर तर टांगलेला दिवा डुलायचा. लोकांनी ठरवूनच टाकलं, की भूकंपाने इमारत खिळखिळी झाली. वरच्या इनामदार काकू जिन्यात आईला म्हणाल्या, "मिस्त्रींनी लोखंड खाल्लं असणार हो. नाहीतर इमारत अशी डुलेल कशी?" बाबा दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटलं, झोप उडाली. आठ बिऱ्हाडं नगरपालिकेत अर्ज करायला निघाली. इमारत रिकामी करायची, पाडायची, इथवर गोष्ट गेली. आम्हाला घर नाही आणि बाबांना पनवेलमध्ये तोंड दाखवायला जागा नाही, असं होणार होतं.

मी सरांकडे धावले. रडलेही, खोटं कशाला बोलू? सरांनी रडू दिलं आणि मग म्हणाले, "हे बघ, मी तुझ्या वडिलांची बाजू घ्यायला येणार नाही. मोजायला येईन. जे निघेल ते सगळ्यांसमोर सांगेन. चालेल का, घरी विचारून ये." मला रागच आला. माझ्या बाबांवर संशय? घरी येऊन सांगितलं तर बाबा कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाले, "येऊ दे त्यांना." ते इतके का थांबले, हे मला तेव्हा कळलं नाही.

रविवारी सर आपली पेटी घेऊन आले. त्यातलं एक यंत्र गच्चीवर ठेवलं. इमारत हलली की त्याची लेखणी कागदाच्या गुंडाळीवर रेघ मारायची. सगळी बिऱ्हाडं भोवती जमली. अकरा वाजले, बारा वाजले, रेघ सरळच. इनामदार काकू म्हणाल्या, "आज मुद्दाम गप्प बसलीय मेली!" दोन वाजता मात्र लेखणी जी नाचायला लागली ती थांबेचना. पोरीबाळी किंचाळल्या. सर मात्र खूश! थोड्या वेळाने वीज गेली आणि त्याच क्षणी रेघही विरत विरत सरळ झाली. "भूकंपाला वीज लागते होय?" असं स्वतःशीच म्हणत सर तरातरा जिना उतरले.

आमच्या मागच्या भिंतीला लागून भाताची गिरणी होती. सर थेट आत. वीज परत आली तेव्हा तांदूळ चाळायची एक मोठी चाळण खडाखडा पुढेमागे हलायला लागली. "ही नवी का?" सरांनी विचारलं. गिरणीवाले शेठ अभिमानाने म्हणाले, "दिवाळीतच बसवली, सर. यंदा भात चिकार हाय." सरांनी मला गच्चीवर लेखणीपाशी पिटाळलं आणि चाळण बंद करायला लावली, रेघ सरळ झाली. चालू केली, लेखणी नाचली. असं चार वेळा. शेठ चिडलेच. "माजी चाळण केवढीशी, नि बिल्डिंग केवढी! ती काय हलवील?" सरांनी त्यांनाही झोपाळा समजावला. चाळणीचा वेग नेमका आमच्या इमारतीच्या तालात पडत होता. चाळणीची पुली, म्हणजे पट्ट्याचं चाक, बदलून तिचा वेग बदलला की झालं. कुरकुरत का होईना, शेठनी ती दुसऱ्या दिवशी बदलली आणि आमच्या वाट्या गप्प झाल्या.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. इनामदार काकूंनी शिरा केला आणि पहिली बशी बाबांच्या हातात देऊन म्हणाल्या, "मिस्त्री, जीभ आहे, घसरते. मनावर घेऊ नका." सगळे हसले. बाबा हसले नाहीत. बशी तशीच खाली ठेवून ते सरांना जिन्याखाली घेऊन गेले. मी मागोमाग गेले.

"सर, मागचा एक खांब मला ठाव नाय," बाबा म्हणाले. "धाकट्या पोराच्या बाळंतपनात हिची आई दवाखान्यात अडलेली. मी तिकडं. माज्या माघारी त्यो खांब भरला. आत रिंगा किती हायत, मी डोळ्यानं बगितल्या नाय. आठ वर्सं झाली. रोज जातायेता हात लावतो त्याला." खांबाच्या उभ्या सळया बांधून धरणाऱ्या या रिंगा, त्या विरळ असल्या तर मोठ्या हादऱ्यात खांब फुटतो. हे बाबांना माझ्याआधीपासून माहीत होतं. म्हणून ते जेवत नव्हते. काकूंच्या बोलण्यापेक्षा त्यांना तो खांब खात होता, आणि मला, त्यांच्या इंजिनिअर होऊ घातलेल्या लेकीला, त्याचा पत्ता नव्हता.

सर म्हणाले, "उघडून बघू. सगळ्यांसमोर."

"लोक काय म्हणतील?"

"आत जे असेल तेच म्हणतील, मिस्त्री."

बाबांनी स्वतः छिन्नी घेतली. आतल्या रिंगा जिथे सहा इंचांवर हव्या तिथे फूटफूटभर अंतरावर निघाल्या. बाबा उठून उभे राहिले आणि आठही बिऱ्हाडांसमोर म्हणाले, "ही माजी चूक हाय. मी नव्हतो, पन काम माजं होतं." मला वाटलं, आता संपलं सगळं. तेवढ्यात सर खाली बसून, बोटाने जमिनीवर रेघोट्या मारत, खांबाला टेकू कसे द्यायचे, भोवती नव्या सळया आणि रिंगा कशा घालायच्या, वरून काँक्रीटचं वेष्टण कसं भरायचं हे सांगायला लागले. एकेक जण ऐकायला वाकला. शेवटी इनामदार काकूच म्हणाल्या, "म्हणजे दुरुस्त होतंय ना? मग तोंडं पाडून काय उभे राहिलात सगळे?"

त्या कामात बाबांनी एका रिंगेवरूनही नजर काढली नाही. नव्या काँक्रीटला गोणपाट गुंडाळलं आणि त्यावर पाणी मारायच्या पाळ्या बिऱ्हाडांनी वाटून घेतल्या. इनामदार काकू तर अंघोळ करून, तुळशीला घालावं तसं त्या खांबाला पाणी घालायच्या. तिसऱ्या दिवशी बाबा दुपारी जेवून आडवे झाले ते चहालाही उठले नाहीत. आईने आम्हाला ओरडू दिलं नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा बाबा माझ्याबरोबर त्यांना भेटायला कॉलेजात आले. सर जिन्याखालच्या खोलीत कागद आवरत होते. "झोप लागते का, मिस्त्री?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "लागते सर, तुमच्या कृपेनं." सरांनी हातातले कागद खाली ठेवले. "मला नाही लागत," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी, सरकारी नोकरीत असताना, रोह्याकडच्या एका गावातली पाण्याची उंच टाकी त्यांना दाखवली होती. खांबाला भेग होती. उन्हाचं कोण वर चढतो म्हणून खालूनच बघून त्यांनी 'ठीक आहे' असा शेरा मारला. पुढे नोकरी सुटली, पण टाकी काही सुटली नाही. पेपरात कुठेही काही पडल्याचं आलं की आधी गावाचं नाव वाचायचे. इतकी वर्षं जगभराचं मोजत हिंडले आणि त्या गावाला जायचा धीर काही त्यांना झाला नव्हता.

बाबांनी फक्त गावाचं नाव विचारलं आणि म्हणाले, "उद्या पैली गाडी किती वाजता हाय, बगतो."

आम्ही तिघं गेलो. टाकी उभी होती, खाली बायका हंडे लावून बसल्या होत्या. सरांचे गुडघे धरलेले, म्हणून बाबाच यंत्र घेऊन शिडीने वर चढले. गावकऱ्यांनी वर बांधलेला दोर ओढून एकदम सोडला. टाकीच्या हेलकाव्याची रेघ कागदावर उमटली. सरांनी ती तीनदा मोजून बघितली. मग बाबांनी खांबाच्या भेगेपाशी छिन्नी लावली. भेग गिलाव्यातच संपत होती. आत काँक्रीट अखंड. बाबांनी सरांचा हात धरून त्यावरून फिरवला. सर तिथेच एका बाईच्या उपड्या हंड्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

येताना एसटीत मी खिडकीशी होते, समोरच्या बाकावर ते दोघं. पेण यायच्या आतच सरांची मान बाबांच्या खांद्यावर कलली. रस्ता सगळा खड्ड्यांचा, गाडी नुसती आदळत होती. बाबा खांदा जराही न हलवता बसून राहिले, आणि सर थेट पनवेलचा स्टँड येईपर्यंत गाढ झोपले होते.