साडीचं वजन वजा करून

भागूबाईंचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून त्यांचं ऐकत नव्हता. गावातल्या होळी नावाच्या बाजारात भाजीची टोपली पुढ्यात घेऊन पाटावर बसताना फारसा त्रास होत नसे. उठताना मात्र शेजारच्या एमिलीला काखेत हात घालून त्यांना वर ओढावं लागे. एमिली पापडी गावची, केळी विकायची. तिने दोन्ही गुडघे बदलून घेतले होते आणि आता रविवारी ती चर्चला चालत जायची, हे ती भागूबाईंना आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायची.

"भागू, केळीचा आख्खा घड मी एका हाताने उचलते," ती म्हणायची, "पन तुला उचलताना मला देव आठवतो."

"मग आठव की. तुझ्या देवाला तेवढंच काम."

जानेवारीत सून मनालीने त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो पाहिला, गुडघा बदलावा लागेल म्हणाले, आणि मग काट्यावर उभं केलं. काटा अठ्ठ्याऐंशी किलोवर थांबला.

"ऐंशीच्या खाली आणा, मग ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले. "एवढ्या वजनाला भूल देताना मला काळजी वाटते. नवा गुडघाही लवकर झिजेल. घरी काटा घ्या, रोज सकाळी वजन करा आणि दर सोमवारी आमच्या नर्सला, संपदाला, फोनवर कळवा."

वजन मे महिन्याच्या आधी उतरायला हवं होतं. मनाली शाळेत शिक्षिका. तिला सुट्टी मेमध्येच. त्या महिन्यात ती घरही पाहणार होती आणि सकाळी बाजारात सासूच्या जागेवर बसणारही होती. बाजारातली जागा काही कोणाच्या नावावर नसते. रोज बसतो त्याची ती जागा. महिनाभर रिकामी राहिली की कोणीतरी टोपली ठेवतो, आणि मग भांडूनही ती परत मिळत नाही. भागूबाईंच्या सासूनेही त्याच जागेवर बसून माठ आणि मुळा विकला होता.

भागूबाई जिद्दीने लागल्या. भात निम्मा केला. तांदळाची भाकरी दोनवरून एकीवर आणली. घरातल्या सगळ्यांच्या आधी त्या जेवून घ्यायच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या ताटाकडे बघायला नको. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरले. मग काटा एका जागी बसला तो बसलाच. एके दिवशी तर उलटाच फिरला.

"काल संध्याकाळी नुसतं सुक्या बोंबलाचं कालवन नि चार घास भात खाल्ला, आनि आज सातशे ग्रॅम वर," त्या मनालीवर ओरडल्या, जणू काटा तिने बनवला होता. "हवा खाऊन फुगते काय मी?"

"आई, सुकी मासळी खारट असते. मिठाने अंगात पाणी धरतं. ती चरबी नव्हे. रोजचा आकडा थोडा वरखाली होणारच. महिन्याचा बघा."

"म्हंजे हे पानी?"

"पाणीच."

मनाली शाळेला निघून गेली, पण तो शब्द भागूबाईंच्या डोक्यात राहिला. पाण्याचं वजन त्यांना चांगलं माहीत होतं. वाडीतली पालेभाजी धुऊन, ओली करून घाऊक व्यापाऱ्याकडे न्यायची, तर तो टोपलीचं वजन वेगळं काढायचा आणि वर पाण्यापोटी आणखी कापायचा. त्याला म्हणायचे कडता. टोपली माझी नाही, पाणी माझं नाही, मी फक्त भाजीचे पैसे देणार, असं त्याचं म्हणणं. त्या कडत्यावरून भागूबाई उभा जन्म त्याच्याशी भांडल्या होत्या. तरी हिशेबाची रीत त्यांना तोंडपाठ होती, आणि ती रीत खोटी आहे असं काही त्यांना म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात गिऱ्हाईक नसताना त्यांनी पिशवीतून आपली रोजची एक साडी, परकर आणि पोलकं काढलं आणि तराजूत घातलं.

"हे कितीला दिलं?" एमिलीने विचारलं.

"तू गप केळी वीक."

साडी, परकर, पोलकं मिळून किलोभर भरलं. ते अंगाचं वजन नव्हे, म्हणून वजा. बांगड्या आणि मंगळसूत्र वजा. काट्यावर चढण्याआधी चहा प्यायलेला असे, तो वजा; दागिने नि चहा मिळून अर्धा किलो. पुढे मार्चमध्ये आकडा पुन्हा अडला तेव्हा मिठाच्या पाण्याचे दीड किलो त्यांनी वजा धरले, आणि गुडघ्याला सूज होती तिचेही दीड किलो धरले. सूज म्हणजे पाणी, हे तर डॉक्टरांनीच सांगितलं होतं. एकेक वजाबाकी वेगळी घेतली तर तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. बाजारात कोणाला दहा ग्रॅम कमी न देणारी बाई ती. आपण खोटं सांगतो आहोत असं त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

सोमवारी फोनवर त्या कडता कापून उरलेला आकडा सांगायच्या. संपदा लिहून घ्यायची. एप्रिलच्या मध्याला त्यांनी साडेएकोणऐंशी सांगितलं आणि संपदाने डॉक्टरांना विचारून मेच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली. त्या रात्री भागूबाईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मिळवलं ते मिळवलं, आता नुसतं टिकवायचं, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. नथू म्हणाला, "खा. ऑपरेशनला ताकद पायजे." पुढचे पंधरा दिवस रोज ताकद भरली गेली.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला त्या नवी साडी नेसून गेल्या. संपदाने त्यांना काट्यावर उभं केलं आणि आकडा वाचला: पंच्याऐंशी.

"मावशी, खाली उतरा आणि परत चढा. मनालीताईंचा खांदा धरू नका."

पुन्हा पंच्याऐंशी.

"त्यातून साडी काढ," भागूबाई म्हणाल्या.

"काय?"

"ही साडी जड आहे. दीड किलो धर. बांगड्या आहेत. येताना पानी प्यायले. गुडघा सुजलाय. ते सगळं काढ नि मग बोल."

संपदाला हसावं की काय करावं ते कळेना. तिने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कागद चाळला.

"आजी, ऐंशी म्हणजे या काट्यावर ऐंशी. तुम्ही फोनवर वेगळंच सांगत होतात. मी मेमध्ये हे करू शकत नाही. ती जागा दुसऱ्या पेशंटला देतो."

"तुमचा काटा बिघडलाय."

"असेल. पण भूल तुम्हाला द्यायची आहे, काट्याला नाही."

घरी आल्यावर भागूबाईंनी नथूला बाजाराची लोखंडी वजनं आणायला लावली, सरकारी शिक्का मारलेली, आणि स्वतः वाकून घरच्या काट्यावर एकेक ठेवलं. पाच किलो, पाचच. दहा, दहाच. नथूने तांदळाचं न उघडलेलं पोतं आणून ठेवलं, तेही बरोबर. काटा खरा होता. मग त्या स्वतः चढल्या. दवाखान्यातलाच आकडा आला.

"आई, तुम्ही एकूण किती कापत होतात?" मनालीने विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. साडेचार.

"आणि जानेवारीत, पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी काय?"

"तेव्हा अठ्ठ्याऐंशी भरलं. त्यातून साडी काढली होती? बांगड्या? चहा?"

पहिल्या दिवशी भागूबाई साडीसकट, बांगड्यांसकट, अगदी सुजलेल्या गुडघ्यासकट उभ्या होत्या. टोपलीसकट वजन एकीकडे आणि टोपली काढून वजन दुसरीकडे, असे दोन आकडे शेजारी मांडून त्यांनी मधला फरक घटला असं धरलं होतं. असा हिशेब व्यापाऱ्याने केला असता तर त्यांनी भर बाजारात त्याची लाज काढली असती.

"म्हंजे काहीच उतरलं नाय?"

"उतरलं होतं की. एप्रिलमध्ये साडीसकट चौऱ्याऐंशी होतात तुम्ही. चार किलो खरे गेले होते. तेच सांगितलं असतंत तर डॉक्टरांनी खाण्यात काहीतरी बदलून दिलं असतं. अजून चार गेले असते की नाही ते मला माहीत नाही, पण पंधरा दिवस दोन-दोन भाकऱ्या तरी पोटात गेल्या नसत्या."

"तू तेव्हा का नाय बोलली?"

"तुम्ही मला वजनाच्या वेळी खोलीत येऊ देत होतात का?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच भागूबाईंना सगळ्यात जास्त राग आला. चार महिने त्या उपाशी राहिल्या होत्या. उपास खरा होता, भूक खरी होती, त्यातून उतरलेले चार किलोही खरे होते, आणि तेवढेच त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. नथू वजनं उचलता उचलता म्हणाला, "जाऊ दे, भागू. गुडघा काय पळून जातो?"

"पळता आलं असतं तर रडत कशाला बसले असते?" त्या म्हणाल्या, आणि तो वाडीत निघून गेला.

सोमवारी सकाळी त्या चहा पिऊन, साडी नेसून, बांगड्या घालून काट्यावर चढल्या. जानेवारीत जशा उभ्या होत्या तशाच. मनालीला त्यांनी मुद्दाम आत बोलावलं आणि आकडा तिला वाचायला लावला. मग संपदाला फोन केला.

"पंच्याऐंशी," त्या म्हणाल्या. "साडीसकट."

"मावशी, डॉक्टर म्हणाले, दर सोमवारी असंच कळवत राहा. उतरलं तर दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर मनालीची शाळा चालू असणार होती. बाजारात कोण बसणार, ते भागूबाईंना माहीत नव्हतं. एमिलीला दोन टोपल्या सांभाळायला सांगावं लागेल, आणि ते ऐकवून ऐकवून ती जीव नकोसा करेल.

"दिवाळीनंतर तर दिवाळीनंतर," त्या म्हणाल्या. "काय लिहिलंस?"

"पंच्याऐंशी."

"वर तीनशे ग्रॅम आहेत. तेपन लिही."

संपदा पुढे काही बोलत होती, पण त्यांनी फोन ठेवला आणि खुर्चीतून उठवायला मनालीपुढे हात केला.