लाल गाडीतला मुऱ्हाळी

माझे दाजी मुंजाजी एका जागी स्वस्थ बसलेत असं मी कधी पाहिलं नाही. जेवायला बसले तरी एक गुडघा हलत असतो, आणि ताटातली भाकर पुरती संपायच्या आत ते हात धुवायला उठलेले असतात. पालमला त्यांच्याइतका चांगला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा दुसरा नाही, हे मी मान्य करतो. तसं न मानलं तर आमची कासाअक्का माझ्याशी बोलणं सोडेल. पण गुण सांगायला बसलं की अवगुणही सांगावा लागतो, आणि या माणसाचा अवगुण त्याच्या अंगणात लिंबाखाली उभा आहे. लाल रंगाचा, दोन दारांचा, दोनच माणसं बसतील असा.

ही गाडी नांदेडच्या एका हौशी डॉक्टरांच्या मळ्यात ताडपत्रीखाली पडून होती. टप काढला की उघडी, जमिनीला इतकी चिकटलेली की बसायचं म्हणजे आधी गुडघ्यांची समजूत घालावी लागते. ती बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. दाजींनी डॉक्टरांचे दोन ट्रॅक्टर धड करून दिले आणि मजुरीऐवजी ही वस्तू ओढत आणली. अक्का म्हणाली होती, म्हैस आणली असती तर दूध तरी दिलं असतं.

एवढ्या गाड्यांमधून हीच का, हे मला उमगायला वेळ लागला. दाजींचं घर मेंढरांचं. लहानपणी बापामागे मेंढरं घेऊन त्यांनी गोदाकाठची शिवारं पायी तुडवली. मेंढरू चरत चरत जाणार, आणि माणसानंही त्याच चालीनं जायचं. त्या चालीचा त्यांना असा वीट आला की मोठेपणी त्यांना एसटीसुद्धा सोसेना. बस थांब्यावर थांबली की हे दारात जाऊन उभे, कंडक्टरला विचारणार, कशासाठी थांबलाव. लाल गाडी मात्र गंगाखेडच्या रस्त्यावर सुटली की ते मोकळे हसायचे. तेवढ्यासाठी मी तिला माफ करायला तयार होतो.

मग आलं शिवकन्याचं लग्न. शिवकन्या म्हणजे दाजींची एकुलती लेक, माझी भाची. तिला चारठाण्याला दिलं. माणसं चांगली, थोडी जिरायती शेती, थोडी मेंढरं. आमच्याकडे लग्न लागायच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघतो, त्याला परण्या म्हणतात. दाजींनी हट्ट धरला की जावई घोड्यावर बसणार नाही, लाल गाडीत बसणार. बसला. पुढे डीजे, पोरं नाचायलेली, वर वैशाखाचं ऊन, आणि गाडी मुंगीच्या पावलानं. पळण्यासाठी बनवलेली गाडी ती. बसस्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंतचं अर्धं अंतर तिनं कसंबसं काढलं, मग पुढून वाफ, वाफेमागून धूर, आणि आत काहीतरी कडकन आवळलं गेलं. इंजिन जाम झालं ते कायमचं. नवरदेवाला आत बसवून वऱ्हाडातल्या पोरांनी गाडी देवळापर्यंत ढकलत नेली.

शिवकन्याची सासू, रुख्मिणीबाई, तोंडाची फटकळ आहे, मनानं वाईट नाही. ती हसत हसत एवढंच म्हणाली, "ईवाई, तुमच्या गाडीला आमच्या पोरांचंच इंजिन लागलं की."

सगळा मांडव हसला. मीही हसलो. दाजी हसले नाहीत. पाठवणीच्या वेळी, लेक अक्काच्या गळ्यात पडून रडत असताना, हा माणूस पुढे झाला आणि चारचौघांत बोलला, "पहिल्या पंचमीला लेकीला न्यायला मी याच गाडीत यंन. दुसऱ्या कशात येणार न्हाई."

हा बोल सगळ्यांच्या मानेवर बसला. लग्नानंतरची पहिली नागपंचमी मुलीनं माहेरी करायची असते, आणि त्यासाठी माहेरचं माणूस तिला घ्यायला सासरी जातं. तो मुऱ्हाळी. भाऊ असला तर भाऊ, नसला तर बाप किंवा मामा. मुऱ्हाळी आल्याशिवाय सून आपली आपण निघाली तर गाव म्हणतं, हिला माहेरात कुणी विचारत नाही. शिवकन्याला भाऊ नाही. आम्हीच दोघे.

दाजींनी परभणीच्या भंगारबाजारातून एका ठोकर बसलेल्या घरगुती कारचं इंजिन उचललं. मागून डबा चेपलेला, पुढचं इंजिन मात्र ठणठणीत. गिअरबॉक्ससकट ते टेम्पोतून आलं, आणि मग अंगणात जे सुरू झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. विहिरीतली मोटार वर काढायला लागते ती लोखंडी तिकाटी गाडीवर उभी केली, तिला साखळीची पुली अडकवली, आणि मेलेलं इंजिन गाडीच्या पोटातून वर आलं. ते लोंबकळत असताना अक्कानं पदर तोंडाला लावला. मेंढरू सोलायला टांगल्यासारखं दिसायलंय, म्हणाली.

नवं आत जाईना. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं, ते पाय वेगळ्या जागी. जुने कापले, नवे जोडले. ॲक्सिलेटरची तार आखूड पडली. पाण्याचे पाइप उलट्या बाजूला निघाले. हे इंजिन थोडं उंच, त्यामुळे बॉनेट मिटेना. मग पत्रा कापून वर एक टेंगूळ काढलं. दाजी एका कामावर टिकत नव्हते. पाइप अर्धा बसवला की वायर आठवायची, वायर हातात घेतली की पंखा. मध्येच उठून ट्रॅक्टरच्या गिऱ्हाइकावर खेकसून यायचे. अर्धा आषाढ असा गेला.

आषाढ उतरणीला लागला आणि चारठाण्याहून फोन येऊ लागले. पोरगी सरळ काही विचारायची नाही. पाऊस कसा हाय, शेळी व्याली का, असलंच. मग शेवटी हळूच, "आबा, कधी यायलेत?" दाजी म्हणायचे, उद्या-परवा. फोन ठेवला की ते अधिकच जोरात पाना फिरवायचे.

माझं झेरॉक्सचं दुकान बसस्टँडच्या समोर आहे. गंगाखेडची बस रोज माझ्या नाकासमोरून सुटते. गंगाखेड, परभणी, जिंतूर, चारठाणा. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथं. पंचमी जवळ आली की त्या बसमध्ये निम्मे मुऱ्हाळीच असतात, मांडीवर शिदोरीची पिशवी धरून. त्यांना बघून मी दुकान तसंच टाकून दाजींकडे गेलो. मी दाजींना म्हणालो, मी जातो आणि पोरीला घेऊन येतो. ते गाडीखालून बाहेरही आले नाहीत. आतून म्हणाले, तू गेलास तर मी खोटा पडलो, आणि मग अंगणात पाय ठेवू नकोस. अक्काला म्हणालो, तर ती म्हणाली, नवऱ्याचा शब्द मोडून भावाला पाठवलं तर तीच सासू उद्या पोरीला टोचून खाईल. मी दुकानात येऊन बसलो आणि एका मास्तरांचे कागद उलटे छापले.

आणि खरं सांगायचं तर गाडी चालू झाली होती. पंचमीला चांगले आठ-दहा दिवस असताना इंजिनानं पहिल्याच चावीला आवाज दिला. मी पेढे आणायला निघालो. दाजींनी मला हाताला धरून थांबवलं आणि माझा तळवा स्टिअरिंगवर ठेवला. म्हणाले, थरथर लागायलीय. मला लागेना. लागली असती तरी मी नाही म्हणालो असतो. पण त्यांच्या डोक्यात तो किडा शिरला. चारठाण्याच्या गल्लीत सगळं गाव बघत असताना पुन्हा बंद पडली तर? त्यांनी तिकाटी पुन्हा उभी केली आणि बसलेलं इंजिन पुन्हा उपसून काढलं. खालून जॅक लावून पाय सरकवले असते तरी भागलं असतं, असं वेल्डिंगवालासुद्धा म्हणाला. पण ज्याला धीर नाही त्याला सोपं काम कसं सुचेल.

दुसऱ्यांदा इंजिन बसलं, थरथर गेली, तर आता गरम होईल का ही भीती. एक पंखा जादा लावला. मग त्याची परीक्षा. त्यासाठी दाजींनी मला गाडीपुढे चालायला लावलं. बसस्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत, परण्याच्या चालीनं, मागे लाल गाडी, पुढे मी एकटा, वाजंत्री नाही की नवरदेव नाही. लोक दुकानातून बाहेर येऊन बघायले. हॉटेलवाल्यानं विचारलं, गोपाळ, दुसरं लगीन करायलास का? मी मान खाली घालून चालत राहिलो, कारण गाडी तापली नाही तर उद्या हा माणूस निघेल, एवढीच मला आशा होती. गाडी तापली नाही. दाजींनी मला देवळापासून परत एकदा चालवलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी, दुपार टळताना, दाजी अखेर तयार झाले. मी दुकान बंद करून त्यांच्याकडे आलो होतो. त्यांनी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, लग्नातला फेटा बांधला. नखांतलं काळं मात्र निघालं नाही. अक्कानं पोळ्यांची शिदोरी, रुख्मिणीबाईला लुगडं आणि पोरीला हिरव्या बांगड्या बांधून दिल्या. रात्री तिथं मुक्काम आणि पंचमीला सकाळी लेकीला घेऊन परत, असं ठरलं. वारुळाला जायच्या वेळेला पोचलो तरी पुष्कळ, म्हणाले. गाडी चालू केली. आवाज इतका एकसारखा की मलाही कौतुक वाटलं, आणि मी तसं बोललोही. त्यांनी गाडी मागं घेत अंगणातून गल्लीत काढली आणि पुढे वळवली.

गल्लीच्या तोंडाशी शिवकन्या उभी होती.

एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चपला. चिखलात एकीचा पट्टा तुटला असावा. सोबत कुणी नाही. आजूबाजूच्या बाया दारात आल्या होत्या आणि तिच्यामागे कुणी येतंय का ते वाकून बघत होत्या. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. सरळ गाडीपर्यंत चालत आली आणि थांबली.

दाजी गाडीतच. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला वाटलं आता हे उतरतील, लेकीला जवळ घेतील. तर या भल्या माणसानं काय करावं? पलीकडचं दार ढकलून उघडलं आणि म्हणाले, "बस. चल, चारठाण्याला जाऊ. तिथून तुला रीतीनं घेऊन येतो. अजून उजेड हाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पुढे होणार तेवढ्यात पोरगीच बोलली. आवाज चढवला नाही.

"आबा, मी आलेय. आता मला परत कुठं न्यायलेत?"

 इंजिन चालूच.

"आमच्या आळीतल्या समद्या सुना गेल्या. कुणाला न्यायला बसनं आले, कुणाला मोटारसायकलवर. एकीचा बाप म्हातारा, त्यो काठी टेकत आला. रोज मी पिशवी भरून दारात बसायची. काल सासूबाईच म्हणल्या, जा तुझी तू, तुझा बाप इंजिनातून मोकळा व्हायचा न्हाई." तिनं पिशवी खाली ठेवली. "तुमी पायी आले असते ना आबा, तर मी पायी आले असते तुमच्यामागं."

दाजी उतरायला गेले तर फेटा टपाच्या दांडीला अडकला आणि सुटला. तो त्यांनी उचललाही नाही. अक्का तोवर भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याबाहेर आली होती. तिनं लेकीवरून तुकडा ओवाळून टाकला. मग पायावर पाणी घालायला वाकली, तर दाजींनी तिच्या हातातला तांब्या घेतला. लेकीसमोर उकिडवे बसले आणि तिच्या चिखलानं भरलेल्या पायांवर स्वतः पाणी घालू लागले. बोटांनी चिखल सोडवू लागले, त्या काळ्या नखांनी. शिवकन्या दोनदा म्हणाली, आबा, पुरे. तांब्या रिकामा झाला तरी त्यांनी हात काढला नाही.

मला त्यांना खूप बोलायचं होतं. आषाढापासून साठवलेलं होतं सगळं. मी खाली पडलेला फेटा उचलला आणि झटकला.

"पंचमी झाल्यावर सोडायला मीच येतो," दाजी तिच्या पायांकडे बघतच म्हणाले. "बसनं. सासूसमोर उभा ऱ्हातो, तिला काय बोलायचं ते बोलू दे."

शिवकन्यानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवावा तसा, आणि दोघी मायलेकी त्यांना धरून घरात घेऊन गेल्या. बाया आपापल्या दारांत परतल्या. गाडी गल्लीच्या मधोमध तशीच उभी होती, दार उघडं, इंजिन चालू. शेवटी मीच जाऊन चावी बंद केली.