टिपणीस साहेबांची तिसरी घंटा

आमच्या नाट्य मंडळाचे मुख्य व्यवस्थापक अविनाश टिपणीस यांचं नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. बँकेतून रिटायर झालेला माणूस. खोटं कशाला बोलू, काम चोख. हॉल मिळवणं, पोलीस परवाना, सेटचा टेम्पो, सगळं एकटा बघतो. सुरतेत मराठी नाटक याच माणसामुळे उभं राहतं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे! घंटेच्या बटणालाही दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तिसरी घंटा वाजली की पडदा उघडलाच.

"घंटा कुणासाठी थांबत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझा बाप, लोटू पाटील, पर्वत पाटियाजवळ कापडाच्या लूमवर कामाला. मी बारा वर्षं नाटकं करतोय, त्याने एकही पाहिलं नाही. त्याची शिफ्ट सातला सुटते, आमचं नाटक साडेसहाचं. पुढच्या सोमवारी तो कायमचा गावी, अमळनेरला निघाला होता. म्हणजे त्याला दाखवायला हा एकच प्रयोग उरलेला, आणि मुख्य भूमिका माझी. गेलो टिपणिसांकडे.

"साहेब, या एका वेळी सव्वासातला ठेवा."

"भिकन, तुझ्या वडिलांसाठी दोनशे लोक ताटकळत बसवू?"

मला ते पटलं. पटलं म्हणून गप्प बसलो, गाढवासारखा.

प्रयोगाच्या दिवशी साडेसहा वाजले. घंटा नाही. सात वाजले, तरी नाही. का, तर कुणी मिलवाले शेठ पाहुणे म्हणून यायचे होते. त्यांच्यासाठी पुढे लाल सोफा मांडलेला. सव्वासातला पडद्याच्या फटीतून बघतो तर काय, बाप! शिफ्ट सुटल्यावर उरलेलं तरी बघू म्हणून आलेला, हातात डब्याची पिशवी, शर्टावर ग्रीस. खुर्च्या सगळ्या भरलेल्या, एकटा सोफा रिकामा, म्हणून बिचारा तिथे टेकला. टिपणीस धावत आले, "ही शेठची जागा आहे," म्हणत दंडाला धरून उठवलं आणि त्याला दाराबाहेर नेऊन सोडलं. भर हॉलमध्ये! एकाने ब्र काढला नाही.

मी मेकअपसकट मागच्या दाराने बाहेर पळालो. बाप पायरीवर बसलेला.

"तू जाय भाऊ, लोके वाट देखी राह्यनात," तो म्हणाला.

"खड्ड्यात गेले लोक," म्हणून मीही शेजारी बसलो.

शेठने साडेसातला फोन करून येत नाही म्हणून कळवलं, हे मला नंतर समजलं. आतून तिसरी घंटा ऐकू आली. म्हणजे पडदा उघडला, आणि रंगमंचावर कुणीच नाही. टिपणीस धापा टाकत बाहेर आले.

"अरे काय हे, भिकन! चल आत!"

"बाप त्या सोफ्यावर बसेल तर येतो. नाहीतर तुम्हीच करा नाटक."

त्यांनी हात जोडले. मला नाही, बापाला. "बाबा, चला. पुढे बसा."

आणि बाप मुकाट उठला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निदान एक शिवी तरी हासडायची होती त्याने.

मी जीव तोडून काम केलं. बाप सोफ्याच्या अगदी कडेला, पिशवी मांडीवर. मी जेव्हा जेव्हा त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याची मान दाराकडे वळलेली. दोन्ही अंक तो दारच बघत होता, शेठ आले तर पटकन उठता यावं म्हणून.