बंद खोक्यातलं मीठ

तंबाखूच्या मळ्यातली मजुरी सोडून न्यागोंडवे रुम्फीकडच्या गावांत विद्यापीठाच्या अभ्यासाचे कागद भरायची. त्या वर्षी तपासायचं होतं ते हे, की माणूस दुसऱ्याला द्यायला कशानं तयार होतो. दर माणसाला मिठाच्या दहा पुड्या मिळायच्या. एकट्यानं झोपडीत जायचं नि शेजाऱ्यासाठी वाटतील तितक्या पुड्या बंद खोक्यात टाकायच्या, उरलेल्या आपल्याला. कुणी टाकल्या ते कुणाला कळायचं नाही. चाळीस जण जाऊन आले, तरी खोकं रिकामंच.

"कंजूष गाव," अभ्यास चालवणारे विद्यापीठातले डॉक्टर म्सिस्का हसले नि तसं लिहू लागले.

न्यागोंडवेनं कागदावर तळहात ठेवला. "लिवू नगा. आमच्यात गुपचूप मीठ कोन ठिवतं? चेटूक करनारा! देनारा गुडघं टेकून, दोन्ही हातांनी देतो."

"चारचौघांत दिलं तर तो दिखावा झाला, बाई."

"मग चारचौघं नगोत. ज्यानं त्यानं शेजाऱ्याच्या दारात जाऊन द्यावं. न्हाईतर ह्या कागदावर माझी सही मिळायची न्हाई. कामावरनं काढा खुशाल."

डॉक्टरांनी खोकं बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी न्यान्यिरेंडा सहा पुड्या घेऊन शेजारणीकडं गेली. "एवढी श्रीमंत कवा झालीस गं?" म्हणत शेजारणीनं तिला चिडवलं, पण मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा नि भाजी खाल्ल्याबिगर उठू दिलं नाही.

"परत काय मिळालं त्याचा रकाना नाही आपल्याकडं," डॉक्टर कुरकुरले.

न्यागोंडवेनं पट्टी उचलली नि कागदाच्या कडेला उभी रेघ ओढली.