पेशकारापर्यंत आलेला हात

शिरूर अनंतपाळहून नांदेडला यायचं म्हणजे तेव्हा परमुलखाला निघाल्यासारखंच होतं. आईनं वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या होत्या. त्या मी उदगीरच्या स्टेशनावरच भीतीपोटी संपवल्या. शाळा आधीच सुटली होती. घरात मराठी, शाळेत उर्दू आणि मास्तरांच्या छडीला कुठलीच भाषा लागत नसे. चौथीच्या पुढं मला या तिघांचा मेळ घालता आला नाही. तरीही सरकारनं मला नोकरीवर ठेवलं, याचं मला आजही नवल वाटतं.

नोकरी तहसील कचेरीत पंखा ओढायची. तहसीलदारसाहेबांच्या डोक्यावर झालर लावलेली लांब फळी टांगलेली असे. तिची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात येई आणि दोरीच्या टोकाला मी बसलेला असे. निजामाचं राज्य केवढं आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण त्याच्या एका खोलीला घाम येऊ न देणं माझ्याकडं होतं.

ही जागा मला मिळाली चपराशांच्या जमादारामुळं. पिढ्यानपिढ्या नांदेडात राहिलेलं मुसलमान घर, पांढरी दाढी, कमरेला रुंद पट्टा. त्यांनी मला स्वतःच्या ओसरीत पथारी टाकू दिली आणि वर म्हणाले, "फिकर नको करू पोरा. सरकारी दोरी हाय, धरून बसलं की सुटत न्हाई." मी धरून बसलो. पण एक दिवस पंख्याचीच कडी निसटली. ती बसवायला मी शिडीवर चढलो. शिडीही सरकारीच होती. पायरी मोडली आणि मी उजव्या हातावर आपटलो.

तालमीतल्या पहिलवानानं हाड बसवून कामट्या बांधल्या. कामट्या सोडल्या तेव्हा हाड जुळलं होतं, पण हात छातीच्या वर जाईना. वर चल म्हटलं की तो ऐकून घेई आणि तिथंच थांबे.

पहिलवान म्हणाला, "हाडात आता काय न्हाई. तुजं डोकं भिऊन राह्यलंय. त्याला वाटतं हात अजून मोडलेलाच हाय."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हेच उर्दूत सांगितलं आणि गुलाबी औषध दिलं.

पंख्याला डावं-उजवं कळत नव्हतं, त्यामुळं दोरी मी डाव्या हातानं ओढू लागलो. कामात काडीचा फरक पडला नाही. फरक पडला सलामात. साहेब आत जाताना उठून सलाम करायचा, तो उजव्याच हातानं. डाव्या हाताचा सलाम म्हणजे शिवी. आणि अव्वल तालुकदारांचा, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याच्या मालकाचा, दौरा जवळ आला होता. तहसीलदारसाहेबांनी कचेरीत बजावलं, "ज्याचा सलाम कपाळाला लागणार नाही, तो बरतरफ." म्हणजे नोकरीवरून कायमचा कमी. पंखा कसा चालतो हे कुणी विचारलं नाही. मला रात्रंदिवस एकच दिसे : शिरूरच्या वेशीत मी उभा आहे आणि गाव विचारतंय, काय रे, दोरी सुटली का?

जमादारांनी मला हाताशी घेतलं. घोड्यांच्या पागेमागं एक भिंत होती. तिच्यावर त्यांनी कोळशानं रेघा ओढल्या. छातीला रेघ, तो गावोगाव हिंडून मोजणी तपासणारा गिरदावर. हनुवटीला साहेबांपुढं कागद ठेवणारा पेशकार. नाकाला तहसीलदार. कपाळाला अव्वल तालुकदार. ज्याचा जेवढा दर्जा, तेवढा सलाम वर, हे त्यांच्या अंगात एवढं मुरलेलं होतं की दुसरं माप त्यांना सुचलंच नसतं. मी भिंतीवर बोटं टेकवायची आणि मुंगीसारखी एक-एक वर चढवायची.

"घाई नको. अगोदर गिरदावरला पोच," ते म्हणत. "अधिकाऱ्याला वगळून वर गेलेलं सरकारला चालत न्हाई."

पेशकाराच्या रेघेपाशी येऊन बोटं थकली की डोळे मिटायला लावत. "आता नुसतं मनात सलाम कर. मनातला हात कुठं अडतो ते बघून सांग."

मी डोळे मिटून पाहिलं. "जमादारसाब, मनातला बी पेशकारापाशीच अडतोय."

"मंग खालच्याचा कसूर न्हाई. वरूनच हुकूम सुटंना."

हे मला चटकन कळलं, कारण रोज तेच पाहत होतो. डोकं म्हणजे हैदराबाद आणि बोट म्हणजे आमचं शिरूर. हैदराबादेतून हुकूम निघायचा, तो मानेच्या कचेरीत पडून राहायचा, खांद्याच्या कचेरीत कुणी त्यावर शेरा मारायचा, आणि बोटापर्यंत पोचेस्तोवर तो कशाबद्दल होता हेच कुणाला आठवत नसायचं.

हाताची बातमी कचेरीभर झाली. येणारा-जाणारा विचारी, "हात कुठवर आला?" मी म्हणे, "पेशकारापर्यंत." एकदा खुद्द पेशकारसाहेबांनीच ऐकलं. चष्मा वर करून म्हणाले, "माझ्यापर्यंत आलास ना, मग राहा इथंच. माझ्यावरून पुढं गेलेल्यांचं काही बरं झालेलं मी पाहिलं नाही." पण त्याच दिवशी त्यांनी घरून वाटीभर कोमट तीळतेल पाठवलं. एवढं मानाचं तेल खांद्याला लावताना मला संकोच वाटे.

दौऱ्याचा दिवस उजाडला. आम्ही सगळे पोर्चात रांगेनं उभे. अव्वल तालुकदार मोटारीतून उतरले आणि सलाम झडू लागले. माझी पाळी आली. मी हाताला जीव तोडून सांगितलं, वर चल. हात छाती ओलांडून हनुवटीपर्यंत आला आणि थांबला. पुन्हा सांगितलं. आणि त्या हुकमाचं काय झालं कुणास ठाऊक, तो हाताकडं न जाता कमरेकडं गेला. कंबर वाकली, मान खाली आली आणि कपाळ आपणहून बोटांना येऊन टेकलं. मी जवळजवळ फरशीपर्यंत वाकलो होतो.

तालुकदारसाहेब थांबले. "ये अदब कहाँ सीखा?"

तहसीलदारसाहेब पुढं झाले. "हुजूर, हमारी कचहरी की तालीम है."

साहेब खूश झाले. मग त्यांनी उरलेल्या रांगेकडं पाहिलं. ताठ उभं राहून कपाळाला हात लावलेली ती माणसं एकाएकी उद्धट दिसू लागली होती. दौरा आटोपल्यावर तहसीलदारसाहेबांनी फर्मावलं, उद्यापासून सगळ्यांनी पंखेवाल्यासारखं वाकायचं, आणि जमादारांनी सगळ्यांत पुढं. माझ्या बरतरफीचं नाव पुन्हा निघालं नाही. नोकरी वाचली. संध्याकाळी मी जमादारांच्या पाया पडलो तर म्हणाले, "माज्या पाया कायको पडतो? हाताला मी शिकवलं, पास झाली तुजी कंबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी कचेरी वाकली. सगळी सरळ झाली. जमादार झाले नाहीत. त्यांची कंबर वाटेतच धरली. तहसीलदारसाहेब त्यांच्याकडं पाहून प्रसन्नपणे म्हणाले, "वाह, याला म्हणतात निष्ठा," आणि पंख्याखाली जाऊन बसले. मी दोरी ओढू लागलो. जमादार तसेच वाकून व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे होते.

"आता काय करायचं जमादारसाब?" मी विचारलं.

"काय करायचं," ते फरशीकडं बघत म्हणाले. "तुजी नोकरी वाचली, बास झालं. दोपारी येऊन जरा तेल लाव. आन् त्या पहिलवानाला नको बोलवू. तो म्हनंल, डोकं भिऊन राह्यलंय. मला ठाऊक हाय की."

दुपारी पंखा थांबला तेव्हा मी पेशकारसाहेबांच्या वाटीतलं उरलेलं तेल घेऊन गेलो आणि जमादारांना त्यांच्या ओसरीत पालथं निजवलं. कंबर चोळायला हात खालीच न्यायचा असतो. तिथं माझा उजवा हात बिनतक्रार चालला.