हात वर करून बोल

खालाच्या दुकानात माप द्यायला गेलेली बाई कधी सरळ उभी राहिलेली मी पाहिली नाही. जवळा बाजार गावात ती सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी. शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण टेप गळ्यात टाकून ती आधी फर्मान सोडायची, "काम करून दाखव." शाळेच्या बाईंना भिंतीवर खडूशिवाय लिहायला लावी, कापूस वेचणाऱ्या बायांना वाकायला लावी. एका नवरीला तिनं दहा वेळा खाली वाकून नमस्कार करायला लावला. नवरी चिडली, पण लग्नात तिच्या ब्लाउजचा एक टाका उसवला नाही.

"उभं माप खांबाचं घ्यावं," खाला म्हणायची. "माणूस काम करून राहिलंय. कपड्याला ते ठाऊक पाहिजे."

मी तिच्याकडं गेले ती रडकुंडीला येऊन. मी मोबाइल गेमच्या स्पर्धांचं समालोचन करते. क्रिकेटचं करतात तसंच, फक्त मैदान पडद्यात असतं. तेव्हा तांड्यावरच्या आमच्या घरातून हौसेनं करायचे. पुण्याच्या एका कंपनीनं चाचणीला बोलावलं आणि मी भावाचा लग्नातला कोट चढवून गेले. कोट खांद्याला ढगळ, काखेत घट्ट. रंगात आले की माझा उजवा हात आपोआप वर जातो. तो अर्ध्यावर अडकला आणि त्याच्याबरोबर आवाजही. "आवाज चांगला आहे, पण पडद्यावर हे असं चालत नाही," असं म्हणून त्यांनी पोशाखाच्या नियमांचा कागद दिला आणि पंधरा दिवसांनी शेवटची संधी. घरी माझे वडील, बापू, एवढंच बोलले, "आता न्हाई जमलं त् बीएडचा फॉर्म भर, बाई."

खालानं जन्मात कोट शिवला नव्हता. ते कबूल करायला तिला लाज वाटली नाही. आठवडी बाजारातून तिनं एक जुना वकिली कोट आणला आणि कसा शिवलाय ते बघायला टाका टाका उसवला. मग मला कागद वाचायला लावला. रंग गडद, एकच. बारीक रेघा नकोत, कॅमेऱ्यात थरथरतात. माइकजवळ वाजणारी बटणं नकोत. हिरवा तर मुळीच नको.

"हिरवा काहून न्हाई?" खाला उखडली. तिच्या फळीवरचं सगळ्यात देखणं कापड पोपटी होतं. मागं हिरवा पडदा असतो, त्याच्या जागी चित्र येतं आणि अंगावरचं हिरवंही त्यात जातं, हे तिला सांगून पटेना. शेवटी तेच कापड मी गळ्यापासून गुंडाळलं आणि मोबाइलवर हिरव्याच्या जागी डोंगराचं चित्र लावून तिला दाखवलं. माझं नुसतं मुंडकं डोंगरावर तरंगत होतं. "या अल्ला, पोरगी गेली कुठं!" म्हणत खाला मशीनला धरून हसली. मग मुकाट्यानं गडद निळं कापड काढलं.

आणि म्हणाली, "काम करून दाखव."

दुकानात चार बायका बसलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लाजून राहिलीस त् तेच माप येईल," खाला म्हणाली. "लाजेचा कोट शिवू का तुला?"

मी स्टुलावर बसले आणि मनानंच एक सामना सुरू केला. शेवटचे दोन खेळाडू उरले, मी ओरडले, हात वर गेला, आणि खालानं तो हवेतच पकडून टेप लावली. "आता बराबर."

कोट झाला तेव्हा शिवणीच्या आत सगळीकडं दोन-दोन बोटं कापड जादा सोडलेलं दिसलं. एवढं कशाला, म्हटलं. "तू काय जन्मभर एवढीच राहणार हायेस?" ती म्हणाली.

चाचणीत माझा हात वर गेला तरी कॉलर जागची हलली नाही. मला काम मिळालं. पुढं माझा प्रत्येक सामना खाला बघायची आणि संपला की फोन करायची. "खांदा ओढला न्हाई. बाकी तुमची ती मारामारी मला कळत न्हाई."

मागच्या थंडीत खाला गेली. मला पोचायला उशीर झाला, त्याचं अजून वाईट वाटतं. सामना संपल्यावर हात अजून फोनकडं जातो.

आता नव्या समालोचकांच्या चाचण्या घेणाऱ्यांत मी असते. परवा डोंगरकडा गावची एक पोरगी आली. माझ्याहून उंच, खांद्यानं रुंद, अंगात कुणाचा तरी मागून आणलेला कोट. बोलायला चांगली होती, पण ऐन रंगात तिचा हात अर्ध्यावर थांबला. मला पुढचं ऐकवेना. तिची चाचणी मी दुपारवर ढकलली, माझ्या अंगातला कोट काढला, ब्लेड मागितलं आणि खालाच्या शिवणी माझ्या हातानं उसवल्या. डोळे भरून आले होते, दोनदा बोट कापलं. पण दोन बोटं कापड जसंच्या तसं आत होतं. ते बाहेर घेऊन कच्चे टाके घातले आणि कोट तिला घातला.

"काम करून दाखव," मी म्हणाले.

ती लाजली. मग सुरू झाली आणि तिचा हात थेट वर गेला. तिला घ्यायचं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. समालोचन कसं वाटलं, असं सहकाऱ्यानं विचारलं तेव्हा मात्र मला एक शब्द सांगता येईना. मी सगळा वेळ तिच्या खांद्याकडंच बघत होते.