श्रावणी सोमवारी पाजलेली दारू

अकरा ऑगस्ट, श्रावणातला तिसरा सोमवार. सकाळी मी चौसाळ्याच्या घरी ओसरीत बसून भगर निवडत होते. कपिलधारला, स्वामींच्या समाधीपाशी, त्या सोमवारी भक्तांना फराळ वाढायची पाळी आमच्या घराची होती. मालक आंघोळ करून, गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपून कधीचे तयार होते. गावात त्यांना सगळे अप्पा म्हणतात. विडी नाही, तंबाखू नाही, दारूच्या दुकानावरून जायची वेळ आली तर रस्ता ओलांडून पलीकडून जाणारा माणूस. मी तशी नाही. मी देवाला हात जोडते, पण मागत काही नाही, कारण मागितलं की मिळतं असं मला कधी दिसलं नव्हतं. भगरीतले खडे देव काढत नाही, आपणच काढावे लागतात, हे माझं तत्त्वज्ञान. त्या दिवशी कंबर दुखत होती आणि मनात येत होतं, एवढा खटाटोप नेमका कुणासाठी चाललाय?

भांडी, सरपण आणि शेंगदाण्याच्या कुटाचे डबे ट्रॅक्टरमध्ये भरून आम्ही निघालो. ट्रॅक्टर माझे धाकटे दीर दत्ता भाऊजी चालवत होते. कपिलधारला धबधबा भरून वाहत होता, पायऱ्यांवर पोरींचे घोळके, सगळीकडे ओला गारवा. मालकांचा उपवास कडक असतो. फराळ सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय ते पाणीसुद्धा घेत नाहीत. दुपारी शेवटच्या पंगतीची पानं वाढून झाली तेव्हा कुठे ते ट्रॅक्टरपाशी जाऊन काहीतरी पिऊन आले, एवढं मी चुलीपासून पाहिलं. सरबत घेतलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळाने पंगतीत हसणं सुरू झालं. पाहते तर मालक आमटीची बादली घेऊन एकाच माणसाला पुन्हा पुन्हा वाढत होते आणि त्याने हात आडवा धरला तर त्याच्या हातावर ओतत होते. पाय एकीकडे, बादली दुसरीकडे. मला पाहून म्हणाले, "अगं, तू दोन-दोन कावून हायीस?" आणि स्वतःच खदखदून हसले. चाळीस वर्षांत न ऐकलेलं ते हसू ऐकून लोकांना आणखी चेव आला.

"काय अप्पा, कपिलधारचं पाणी लई कडक हाय वाटतं."

"श्रावण आमी पाळायचा आन् झिंगायचं तुमी?"

"वैनी, झोपू द्या त्यान्ला. लिंबू पाजा, उतरंल संध्याकाळपर्यंत."

मी जवळ जाऊन त्यांच्या तोंडाचा वास घेतला. चार माणसांत नवऱ्याच्या तोंडाला नाक लावायची ती माझी पहिलीच वेळ. दारूचा वास नव्हता. गोडसर काहीतरी होतं, बस. मला लाज वाटली नाही, भीती वाटली. ज्याने थेंब घेतला नाही तो झिंगतो कसा? अर्धांगवायूचा झटका असेल का, या विचारात मी उभी होते. तेवढ्यात दत्ता भाऊजी घामाघूम होऊन आले. घाट चढताना ट्रॅक्टर तापला होता, म्हणून ते इंजिन पाहायला गेले होते.

"वैनी, टूलबॉक्समधली हिरवी बाटली कुणी सांडली? आर्धी झालीय."

"काय होतं तिच्यात?"

"कूलंट. डबा फुटला म्हून बाटलीत ओतून ठिवलं."

"कसल्या बाटलीत?"

"तुमच्याच की. खस सरबताची. धुऊन पालथी घातल्याली."

आमच्या घरात रिकामी बाटली फेकत नाहीत. तेलाची बाटली फिनेलला जाते, फिनेलची फवारणीच्या औषधाला. घरोघरी हेच चालतं आणि सगळ्यांना ती काटकसर वाटते. इंजिन थंड ठेवायचं ते हिरवं पाणी, वर सरबताचं लेबल, आणि चवीला गोड. दिवसभराच्या कोरड्या घशाने त्यांनी ते घटाघटा प्यायलं होतं. ट्रॅक्टर त्या दिवशी तापला नसता तर बाटली कुणी शोधली नसती. आम्ही लिंबू पाजून मालकांना झाडाखाली झोपवलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत माणूस शुद्धीवर येईल म्हणून हसत बसलो असतो. जुना ट्रॅक्टर घाटात तापतोच, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी वाद घालत नाही.

कुणी म्हणालं ताक द्या, कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजून ओकायला लावा. मी कुणालाच काही करू दिलं नाही. झिंगलेल्या माणसाला ओकायला लावलं तर छातीत जातं, एवढं मला ठाऊक होतं. ती बाटली झाकण घट्ट लावून पदरात बांधली, दर्शन घेऊन निघालेल्या एका कुटुंबाची जीप थांबवली आणि आम्ही बीड गाठलं. वाटेत मालकांनी दोनदा उलटी केली आणि मधल्या वेळात जीपवाल्याला शिवपाठ म्हणून दाखवला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, बोलायला माझ्यासारख्याच तुटक. मी काही सांगण्याआधी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वास घेतला, भाऊजींना दोन प्रश्न विचारले आणि तडक सलाईन, रक्ताची तपासणी, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना फोन असं सगळं एकदम सुरू केलं. मग मला बाजूला घेतलं. "बाटली आणलीत, फार बरं केलंत. हे असंच राहू दिलं तर दोन दिवसांत लघवी बंद होईल. पोटात गेलंय ते यकृतात गेलं की त्याचं खरं जहर बनतं, आणि ते मूत्रपिंड खातं. यावरचं खास इंजेक्शन संभाजीनगरहून मागवलंय. पण तोवर थांबता येणार नाही. तोवर यांना दारू द्यावी लागेल."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"दारूच," त्या म्हणाल्या. "यकृत आधी दारूला हात घालतं. ती असेपर्यंत याचं जहर बनत नाही. आम्ही मोजून देणार, दर तासाला रक्त तपासून. घरी कुणी असलं करायचं नाही, हे लोकांनाही सांगा. आमच्याकडचा साठा संपलाय. चांगली, सीलबंद बाटली लागेल. लवकर."

मला ते लगेच पटलं. घरात जावई आला की बाकीच्यांना ओट्यावर ताटकळावं लागतं, तसंच हे. पण मालकांनी 'दारू' हा एकच शब्द ऐकला आणि खाटेवर उठून बसले. जीभ जड झालेली, डोळे तांबारलेले, तरी गळ्यातलं लिंग मुठीत धरून म्हणाले, "मेलो तरी तोंडाला लावणार न्हाई." आणि दात आवळून घेतले. आता दोन अडचणी होत्या. दारू आणायची, आणि ती न पिणाऱ्याच्या पोटात घालायची. भाऊजी रक्ताच्या बाटल्या घेऊन तपासणीला गेलेले. मी पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा दारूचं दुकान शोधायला निघाले. त्या क्षणी मी मागितलं. शब्द साधे होते. 'स्वामी, मला जमेल तेवढं मी करते. पुढचं तुमचं.'

दारातच एकाने आवाज दिला. "ताय, कुठं निघालाव? बाईंचं बोलणं ऐकलं मी. माज्या पिशवीत हाय. सील बी फोडलं न्हाई."

मेंढरं वळणारा उंच, काळा माणूस, खांद्यावर घोंगडी. आजारी आईला घेऊन तो तिथे आला होता. मी विचारलं, "दवाखान्यात बाटली घेऊन फिरता?"

"श्रावण पाळतोय, ताय. महिनाभर थेंब न्हाई. घरी ठिवली तर भाऊ पितोय, म्हून संगं बाळगतो. आता मला चालत न्हाई, तुमच्या मालकाला लागतीय. घ्या. देवाचीच व्यवस्था दिसती."

देणाऱ्याचा श्रावण, पिणाऱ्याचा सोमवार. मी बाटली घेतली तेव्हा त्या गडबडीतही मला हसू फुटलं. डॉक्टरीणबाईंनी सील पाहिलं, मापं काढली आणि सिस्टरला नाकातून घालायची बारीक नळी आणायला सांगितली. नळी पाहिल्याबरोबर माझी दुसरी अडचण सुटली. मी मालकांच्या कानाशी वाकले.

"अहो, नेम कशाचा घेतलाय तुम्ही?"

"तोंडाला... लावायची न्हाई."

"मग लावू नका. ही नाकातून जाणार. नाकाचा नेम घेतलाय का कुणी?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. त्या अवस्थेतही धर्म तपासून पाहिल्याशिवाय ते ऐकणार नव्हते. मग मूठ सैल केली आणि म्हणाले, "नाकाचा न्हाई." सिस्टर तोंडावर हात धरून हसली. डॉक्टरीणबाईंनाही मान फिरवावी लागली.

संध्याकाळी त्यांना रक्त शुद्ध करायच्या मशीनवर घेतलं, इंजेक्शनही येऊन पोचलं. मी बाकावर बसून होते. करण्यासारखं सगळं झालं होतं, आणि हात रिकामे ठेवून बसायची मला सवय नाही. पण त्या वेळी मला जड गेलं नाही. भरोसा म्हणजे हात बांधून बसणं, असा माझा समज होता, म्हणून मी त्यापासून लांब राहत आले. तसं नसतं. खडे आपणच निवडायचे असतात. पण भगर पिकवलेली कुणीतरी दुसऱ्यानेच असते. ट्रॅक्टर तापवणं माझ्या हातात नव्हतं. मेंढपाळाच्या पिशवीत बाटली ठेवणंही नव्हतं. मी फक्त वास घेतला, बाटली बांधली आणि जीप थांबवली. माझ्या वाट्याचं तेवढंच होतं, आणि तेवढंच पुरलं.

सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की लघवी चांगली होतेय, मूत्रपिंडं वाचली. मालक जागे झाले ते डोकं दोन्ही हातांनी धरून. "लई ठणकतंय गं," म्हणाले. "पिणारी माणसं हे रोज सोसतात? लईच घट्ट असतात."

मी त्या मेंढपाळाला शोधायला व्हरांड्यात गेले. तो चहा आणायला गेला होता. त्याची म्हातारी आई खाटेवर बसली होती, सलाईनचा हात उचलत नव्हता आणि केसांचा गुंता झाला होता. मी पिशवीतून फणी काढली आणि तिच्या मागे बसले. मी केस विंचरत असताना तिने विचारलं, "तुज्या मालकाला काय झाल्तं, बाई?"

"विष गेलं होतं पोटात, आजी. तुमच्या लेकाच्या दारूने वाचले."

म्हातारीने मान मागे वळवून माझा हातच धरला. "माय, हळू बोल," ती म्हणाली. "इतकी वर्सं झाली, दारूनं माणूस मरतो म्हून त्याला सांगतेय. आता कुठं ह्या श्रावणात ऐकलंय."

त्याच्यापुढे हे बोलायचं नाही असं मी कबूल केलं, आणि तो चहा घेऊन येईपर्यंत तिची घट्ट वेणी घालून दिली.